हळद, केशर आणि एक उसने नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीची आवक सुरू झाली की अडत्यांच्या दुकानांपुढे पोत्यांची तोंडे सोडलेली दिसतात. सौदा निघण्याआधी खरेदीदार पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळातले एखादे हळकुंड वर काढतो आणि दोन्ही हातांनी मोडतो. नीट शिजून वाळलेले हळकुंड कटकन तुटते आणि आत नारंगीकडे झुकणारा दाट पिवळा गाभा दिसतो. कच्चे राहिलेले चिवटपणे वाकते. भावाची बोली या तुकड्यावर चढते किंवा उतरते.

या व्यवहाराचे शब्दही ठाशीव आहेत. बाजारात हळकुंड वेगळे आणि गड्डा वेगळा, राजापुरीची रास एकीकडे तर सेलमची दुसरीकडे. शेतात गेले की शब्द आणखी वाढतात. पुढच्या लावणीसाठी राखायचा तो जेठा गड्डा, त्याच्या कुशीला फुटलेला बगल गड्डा, आणि लावलेला मूळ गड्डा काढणीच्या वेळी सुरकुतून पुन्हा हाती लागतो तो सोरा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास लावलेले पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. मग काढणी, काहिलीत किंवा वाफेवर शिजवणे, वाळवणे, ढोलात घालून पॉलिश. वाळवा, मिरज, तासगाव आणि वर कराड, कोरेगाव, वाईपर्यंतच्या कृष्णाकाठाला हे सारे तोंडपाठ आहे.

हीच हळद युरोपात पोहोचते तेव्हा तिच्या नावात आपल्या शब्दाचा मागमूस राहत नाही. जर्मनीत ती कुर्कुमा, फ्रान्समध्ये क्युर्क्युमा, इंग्लंडात टर्मरिक, स्वीडनमध्ये गुर्कमेया. हरिद्रा, हल्दी, हळद यांपैकी काहीच तिकडे गेले नाही. मला हे फार दिवस खटकत आले आहे, कारण आपल्याकडचे इतर जिन्नस आपापली नावे बरोबर घेऊन गेले. संस्कृतातल्या शृंगवेराच्या कुळातूनच ग्रीक झिंगिबेरिस आणि इंग्रजी जिंजर आले. शर्करेची शुगर झाली, चंदनाचे सँडल झाले. पिप्पलीचे पेपर झाले, आणि गंमत म्हणजे पिंपळीचे ते नाव मिऱ्याच्या गळ्यात पडले. मग हळदच नाव मागे ठेवून का गेली?

उत्तर शोधायला इसवी सनाच्या पहिल्या शतकात जावे लागते. दिओस्कोरिदेस या ग्रीक वैद्याने वनौषधींवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात नागरमोथ्याचे वर्णन करताना तो भारतात उगवणाऱ्या आणखी एका मोथ्याचा उल्लेख करतो. हा मोथा दिसायला आल्यासारखा, चावला की केशरी रंगाचा आणि कडू, आणि त्याचा लेप लावला तर अंगावरचे केस जातात. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हे वर्णन ऐकताच मुळी ओळखली असती. दिओस्कोरिदेसाकडे मात्र तिच्यासाठी नावच नाही. तिला तो मोथ्याच्या घरात बसवतो आणि तिचा रंग केशरावरून सांगतो. केशराची ही सावली हळदीवर पडली ती पुढे कधी हटली नाही.

कारण युरोपाला पिवळा रंग म्हटले की केशर आठवे. तिथे केशर औषधात, रंगात, मेजवानीच्या भातात लागे आणि फार महाग मिळे. पंधराव्या शतकात न्यूरेंबर्गमध्ये केशरात भेसळ करणाऱ्यांना जिवंत जाळल्याच्या नोंदी आहेत. अशा बाजारात कुणी पिवळा रंग देणारी, त्या मानाने स्वस्त अशी मुळी आणली, तर गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारणार की ही केशराच्या जागी चालेल का? आले तिखटपणासाठी गेले, मिरी झणझणीतपणासाठी गेली, साखर गोडीसाठी. त्यांच्या चवीला तिकडे जोड नव्हती, म्हणून नावेही इकडचीच चालली. हळद गेली ती केशराची बदली म्हणून. नावाचा सगळा गुंता इथे आहे असे मला वाटते.

बदलीचे हे काम आधी अरबी वैद्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या हातून झाले. इब्न अल-बैतार हा स्पेनमधल्या मालागाचा वनस्पतिवैद्य, १२४८ साली दमास्कसला वारला. औषधींच्या आपल्या कोशात त्याने नोंदवले आहे की इराणी लोक या मुळीला हर्द म्हणतात, बसऱ्याचे लोक कुर्कुम म्हणतात, आणि कुर्कुम म्हणजे तर केशर. केशरासारखाच पिवळा रंग देते म्हणून हे नाव पडले, असे कारणही तो सांगतो. ‘हर्द’ वाचून कान टवकारतात. हरिद्रेच्या इतक्या जवळचा उच्चार तेराव्या शतकात अरबी पोथीत बसलेला आहे, पण पुढचा प्रवास त्याच्या वाट्याला आला नाही. व्यापार बसऱ्याच्या शब्दाने चालला. कुर्कुमचे लॅटिन कुर्कुमा झाले, आणि आज इटालियन, स्पॅनिश, जर्मन, डच, रशियन, पोलिश अशा बहुतेक भाषांत थोड्याफार फरकाने तेच नांदते आहे.

या शब्दाचे गोत्र मोठे आहे. हिब्रू बायबलात, गीतरत्नात एकदाच येणारा ‘कारकोम’ म्हणजे केशर. ग्रीक क्रोकोस आणि लॅटिन क्रोकस हेही त्याच घरचे मानले जातात. आजच्या हिब्रूत ‘कारकोम’ केशराकडे राहिला आणि ‘कुर्कुम’ हळदीकडे आला. एका शब्दाचे दोन उच्चार दोन पिवळ्या जिनसांनी वाटून घेतले.

आता गोव्याकडे येऊ, कारण आपल्या शब्दाची युरोपशी खरी गाठ पडली ती तिथे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्याला आला आणि अखेरपर्यंत इथेच राहिला. १५६३ साली गोव्यातच त्याचा औषधींवरचा संवादग्रंथ छापला गेला. हिंदुस्थानच्या भूमीवर छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. ग्रंथाची रचना साधी आहे. रुआनो नावाचा कल्पित मित्र प्रश्न विचारतो आणि ओर्ता उत्तरे देतो. एका संवादात रुआनो म्हणतो की आपण ज्याला देशी केशर म्हणतो त्याबद्दल बोलू. पोर्तुगीजांनी हळदीला पाडलेले नाव हेच, ‘आसाफ्राँव दा तेर्रा’, म्हणजे इथल्या मातीतले केशर.

ओर्ता उत्तरात सांगतो की हे औषध इथले वैद्य वापरतात आणि अरबस्तान, इराणकडे ते मोठ्या प्रमाणात जाते. गोवा शहरात ते फारसे होत नाही, कण्णूर-कालिकतकडे उदंड. मग तो नावे देतो. मलबारी लोक मंजळ म्हणतात, मलायी लोक कुन्येत, इराणी लोक दारझर्द, म्हणजे पिवळे लाकूड. आणि ‘कानारीं’, म्हणजे त्याच्या भाषेत गोव्याची स्थानिक माणसे, या मुळीला ‘आलाद’ म्हणतात. पोर्तुगीज लेखणीत ह मुका असतो. तो परत जागेवर ठेवला की समोर उभी राहते हळद. ज्या उच्चाराने आज सांगलीत पोते विकले जाते तोच उच्चार, चारशे साठ वर्षांपूर्वी रोमन लिपीत छापलेला.

ओर्ताने युरोपापुढे आपला शब्द ठेवला होता, हे मला महत्त्वाचे वाटते. कार्लुस क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाने १५६७ साली अँटवर्पहून त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर वाचला गेला. तरी शब्द उचलला गेला नाही. औषधांच्या दुकानात कुर्कुमा आधीच बसले होते, सामान्य माणसाच्या तोंडी भारतीय केशर. ओर्ता स्वतः ज्यू वंशाचा, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. १५६८ साली तो वारला, आणि १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. हळदीची इतकी नावे आस्थेने विचारून लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याचे दुःख होते.

युरोपातल्या बाकीच्या नावांचे सरळ दोन कळप पडतात. एक केशरवाल्यांचा. फ्रेंचांचे ‘भारताचे केशर’, पोर्तुगीजांचे ‘मातीतले केशर’, इटालियन आणि रुमानियन भाषांतली तसलीच नावे. ब्राझीलमध्ये तर नुसते केशर म्हटले तरी अनेकदा हळदच पुढ्यात येते. दुसरा कळप पिवळ्या मुळाचा. जर्मन गेल्बवुर्त्स, डच खेलवॉर्टल, हंगेरियन शार्गाग्योकेर, फिनिश केल्तायूरी, ग्रीक कित्रिनोरिझा, साऱ्यांचा अर्थ एकच. इराण्यांच्या पिवळ्या लाकडाचे हे पाश्चात्त्य भाऊबंद. स्वीडिश गुर्कमेया आणि डॅनिश गुर्कमाये ऐकायला तिसऱ्याच घरची वाटतात, पण आत कुर्कुमाच आहे. लोकांच्या जिभेने ते परके नाव घोळवून घोळवून त्याला काकडीच्या शब्दाजवळ, ‘गुर्क’पाशी नेऊन ठेवले. हळदीचा आणि काकडीचा काय संबंध, असे कोणी विचारत नाही.

इंग्रजी टर्मरिक मात्र एकटा पडलेला शब्द आहे. त्याची जुनी रूपे टार्मरेट वगैरे अशी सापडतात आणि ती फ्रेंच ‘तेर-मेरित’शी, तिथून मध्ययुगीन लॅटिन ‘तेर्रा मेरिता’शी जोडली जातात. अर्थ होतो गुणी माती, लायक माती. कुटलेली हळद गेरू किंवा पिवळ्या मातीच्या भुकटीसारखी दिसते, त्यावरून हे नाव आले असावे असा तर्क केला जातो. कुठल्याही शेतकऱ्याला न पाहता, पुडीतली पूड पाहून ठेवलेले हे नाव. तरीही युरोपच्या सगळ्या नावांत मला हेच जवळचे वाटते. कृष्णाकाठच्या काळ्या कसदार रानात हळद लावणाऱ्याला गुणी माती म्हणजे काय, ते वेगळे सांगावे लागत नाही.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल की परक्यांनी हळदीवर अन्याय केला, तिला केशराची मोलकरीण ठरवले. मलाही तसेच वाटत असे, पण आपल्या देव्हाऱ्यातल्या करंड्याकडे पाहिले की तो राग ओसरतो. कुंकू हा शब्द संस्कृत कुंकुमावरून आला, आणि कुंकुम म्हणजे केशर. अमरकोशात कुंकुमाची जी नावे आहेत त्यांत काश्मीरजन्म आहे, बाह्लीक आहे. काश्मिरातले, बल्खकडून आलेले, असे त्यांचे अर्थ. कुंकुम आणि पश्चिम आशियातला कुर्कुम हे शब्द एकमेकांचे सगे असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. आणि आपण घरोघरी लावतो ते कुंकू कशाचे? हळदीचे. म्हणजे केशराचे नाव हळदीच्या अंगावर चढवण्याचा प्रकार बसऱ्यात झाला तसाच तो आपल्याकडेही झाला. फरक इतकाच की तिथे पिवळ्या हळदीला नाव मिळाले, इथे लाल केलेल्या हळदीला. आपण ‘हळदीकुंकू’ म्हणतो तेव्हा एका मुळीचे दोन रंग शेजारी ठेवतो, आणि त्यातल्या एकाला केशराच्या नावाने हाक मारतो. तो कमीपणा नाही, मान आहे.

हळद लाल कशी होते हेही पाहण्याजोगे आहे. जुन्या पद्धतीत हळकुंडे लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्यात भिजवून वाळवतात आणि कुटतात. टाकणखारातला बोरॉन आम्लाच्या सोबतीने हळदीतल्या रंगद्रव्याशी जुळतो आणि पिवळ्याचा लाल होतो. चुन्यानेही हळद लालसर होते, पण ती किमया वेगळी, अल्कलीची. १८१५ साली फ्रान्समध्ये व्होगेल आणि पेल्तिए यांनी हे रंगद्रव्य वेगळे काढले, ते कुर्कुमिन. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या प्रयोगशाळांत हळदीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या असत. अल्कली ओळखायला त्या वापरत आणि बोरिक आम्लाच्या परीक्षेसाठीही. पंढरपूरचा कुंकू करणारा आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ एकच क्रिया आपापल्या कामाला लावत होते. आज युरोपीय संघाच्या खाद्यरंगांच्या यादीत हळदीच्या या रंगद्रव्याला आकडाच मिळाला आहे, ई १००. रंगांच्या यादीची सुरुवातच हळदीपासून होते.

आपली स्वतःची नावे काय सांगतात? अमरकोश हळदीला कांचनी म्हणतो, पीता म्हणतो, वरवर्णिनी म्हणतो. शिवाय रात्रीची जेवढी नावे तेवढी हळदीची, निशा, रजनी. सोने, पिवळेपणा, उत्तम कांती आणि रात्र, यांत बदलीचा वास कुठेही नाही. मराठीने तर तिला बोलीत मुरवले. मुलीचे हात पिवळे करणे म्हणजे लग्न लावून देणे. उतावळ्याला आपण ‘पी हळद अन् हो गोरी’ म्हणून थांबवतो, आणि थोडक्यात हुरळणारा अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. कराड तालुक्यातल्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते तेव्हा तारळी नदीचे पात्र, माणसे, बैलगाड्या, सारे भंडाऱ्याने माखते. कवठेमहांकाळजवळ आरेवाडीच्या बिरोबापुढेही तोच भंडारा. देवाच्या अंगावर उधळायची वस्तू कुणाची पर्यायी असू शकत नाही.

शास्त्राच्या लॅटिनमध्ये हळद कशी शिरली, ती गोष्टही आपल्या किनाऱ्यावरून जाते. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ या काळात. त्याच्या मदतीला इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तीन कोकणी वैद्य. या तिघांनी १६७५ साली दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेला आहे. ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात निघालेली ती नागरी अक्षरे मराठी माणसाने एकदा तरी पाहावीत. या ग्रंथात हळद ‘मंजेल्ला कुवा’ या मलयाळी नावाने येते. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना दुहेरी नावे दिली तेव्हा हळदीचे ‘कुर्कुमा लोंगा’ झाले. लोंगा म्हणजे लांब. युरोपातले औषधविक्रेते लांबट हळदीला लोंगा आणि गोल हळदीला रोतुंदा म्हणत, म्हणजेच आपले हळकुंड आणि गड्डा. शास्त्रीय नावाचा पहिला भाग अरबी केशराचा खरा, पण दुसरा भाग सांगलीच्या सौद्यात आजही ऐकू येतो, फक्त मराठीत.

आपला शब्दही लॅटिनमध्ये गेला, पण दुसऱ्याच झाडावर. सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात हेदू नावाचा उंच वृक्ष आहे. त्याचे लाकूड पिवळे, म्हणून हिंदीत त्याला हल्दू म्हणतात. १९७०च्या दशकाअखेरीस रिड्सडेल या शास्त्रज्ञाने त्याची प्रजात वेगळी केली आणि तिला नाव दिले हाल्दिना. म्हणजे हळदीला केशराचे नाव, आणि हळदीचे नाव हेदूला.

साताऱ्यात याची उलट बाजू आहे. कासच्या पठारावर आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या सड्यांवर पावसाळ्यात चवर फुलते. केळीसारखी रुंद पाने, मधोमध फिकट हिरव्या-पांढऱ्या पाकळीपत्रांचा तुरा. तिच्या कंदापासून पूर्वी आरारूटसारखे सत्त्व काढत. जॉन ग्रॅहमने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची यादी १८३९ साली छापली, तीत त्याने चवरीला हळदीच्या प्रजातीत घेतले, कुर्कुमा कॉलिना म्हणून. नंतर तिला हिचेनिया या वेगळ्या प्रजातीत नेण्यात आले, आणि आता ती पुन्हा कुर्कुमात परतली आहे. याच यादीत ग्रॅहमने डोंगरातल्या रानहळदीलाही शास्त्रीय नाव दिले. बसऱ्याच्या बाजारातला केशराचा शब्द असा साताऱ्याच्या सड्यावर येऊन रुजला. याच जिल्ह्यात, वाईला, मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली तिथे वनस्पतींच्या नोंदी लिहिल्या गेल्या, आणि प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत, इंग्रजी, लॅटिन अशी नावे ओळीने देण्याची शिस्त पाळली गेली. ओर्ताने गोव्यात जे एकट्याने केले तेच हे काम. त्या ओळीत जेठा, बगल, सोरा हेही शब्द जावेत अशी माझी फार इच्छा आहे. शेतीच्या पत्रकांत ते अजून आहेत, शब्दकोशांत सहजी सापडत नाहीत.

बाजाराची नावे शास्त्राच्या नावांपेक्षा प्रामाणिक असतात, कारण ती बहुधा गावाची असतात. सेलम तमिळनाडूतले. केरळकडच्या हळदीला परदेशी व्यापारी अलेप्पी म्हणतात. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन योजनेने वाणांना कृष्णा, फुले स्वरूपा अशी आपल्या मातीतली नावे दिली. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची पेवे होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. पेव उघडले की आत कंदील सोडून हवा पाहायची आणि मगच माणूस उतरायचा. या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवे निकामी केली. साठवण गोदामांत आणि शीतगृहांत गेली, तरी हळदीच्या भावासाठी व्यापारी सांगलीकडे पाहतात.

२०१८ साली ‘सांगली हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. युरोपात शतकानुशतके चालत आलेल्या उसन्या नावाशेजारी ठेवता येईल असे, जिथे पिकते तिथले नाव कायद्याने उभे राहिले. मात्र हे संरक्षण भारताच्या हद्दीतले आहे. युरोपीय संघात त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. दार्जिलिंगच्या चहाने ती २०११ साली मिळवली, कांगड्याच्या चहाने २०२३ साली. सांगलीच्या उत्पादकांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन हा अर्ज करायला हवा. जर्मन पुड्यावर ‘कुर्कुमा’ खुशाल राहू दे, त्याच्यापुढे ‘सांगली’ छापले जायला हवे.